सरंजामाचे सार्वभौमत्व कसे झाले

सरंजाम मिळाला म्हणजे गावाचा वसूल मिळाला. राज्य मिळाले नाही. पेशवाईत हे कोणाला समजावून सांगावे लागत नसे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात मात्र १९६० साली, दादरा-नगर हवेलीच्या वाटेवरून पोर्तुगालने भारतावर भरलेल्या खटल्यात, याच फरकाचा कीस काढला गेला.

मूळ कागद पुण्याचा. १७७९ च्या तहात पेशव्यांनी मैत्रीखातर पोर्तुगिजांना वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावे देऊ केली आणि १७८३ व १७८५ साली दादरा-नगर हवेलीतली गावे लावून दिली. न्यायालयाने हे कागद बारकाईने पाहिले. मराठ्यांना मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे, तेव्हा तहात तशी स्पष्ट भाषा येई. इथे ती नव्हती. म्हणजे दिला तो फक्त वसूल, असे न्यायालयानेच ठरवले.

मग पोर्तुगीज त्या गावांचे राजे झाले कसे? १८१८ साली पेशवाई बुडाली आणि भोवतालच्या मुलखाचे धनी इंग्रज झाले. त्यांनी पोर्तुगिजांचा अंमल चालू दिला आणि त्यांना तिथले सार्वभौम धरूनच व्यवहार केला. न्यायालयाच्या मते तेवढ्याने सार्वभौमत्व मान्य झाले, आणि स्वतंत्र भारतानेही ते मूकपणे स्वीकारले. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या दमणहून त्या गावांकडे जायची वाट ब्रिटिश मुलखातून होती. सव्वाशे वर्षे पोर्तुगीज अधिकारी आणि माल त्या वाटेने बिनबोभाट जात राहिले, म्हणून त्यालाही दोन राज्यांमधल्या रूढीचे, पर्यायाने कायद्याचे बळ आले.

मला इथे थांबावेसे वाटते. ही रूढी घडवली दोन साम्राज्यांनी. ज्यांच्या शेतांवरून ती वाट जात होती, त्या वारली, कोकणा, धोडिया लोकांना कोणी काही विचारले नाही. जेत्याची वहिवाट हाच पुरावा मानणारा कायदा न्याय्य आहे, असे मला वाटत नाही.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ही गावे मुक्त केली. संगीतकार सुधीर फडके त्यांच्यात होते. भारताने वाट रोखली. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि आठ दिवसांतच हेगला गेला.

१२ एप्रिल १९६० च्या निकालाने पोर्तुगालला नागरिक, मुलकी अधिकारी आणि मालापुरता वाटेचा हक्क दिला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रांसाठी तो नाकारला, तोही आठ विरुद्ध सात मतांनी. भारताने वाट अडवून कर्तव्यभंग केला नाही, हेही नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा-नगर हवेली भारतात विलीन झाली.