गिलोटिनआधीचे कायदे: रोबेस्पिअरच्या सत्तेची पार्श्वभूमी

३० मे १७९१. फ्रान्सच्या संविधान सभेत आरास गावचा एक वकील मृत्युदंड रद्द करा म्हणून भाषण करत होता. न्यायाधीश माणसेच असतात, ती चुकतात आणि गेलेला जीव कोणत्याही निकालाने परत येत नाही, हा त्याचा मुद्दा. सभेने तो फेटाळला. पुढे १० जून १७९४ रोजी याच वकिलाने हट्टाने एक कायदा मंजूर करून घेतला. त्यात आरोपीला वकील नव्हता, साक्षीदारांवाचून अडत नव्हते आणि निकाल दोनच होते, सुटका किंवा मृत्यू.

हा वकील म्हणजे मॅक्झिमिलिअँ रोबेस्पिअर. त्याला ढोंगी ठरवले की हे कोडे झटकन सुटते. पण तो ढोंगी होता असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच मधली तीन वर्षे तपासावी लागतात.

त्याचे सुरुवातीचे आयुष्य थोडक्यात सांगण्यासारखेच आहे. जन्म १७५८ चा. आई लवकर गेली, वडील घर सोडून गेले. शिष्यवृत्तीवर पॅरिसमध्ये शिक्षण झाले, मग आरासमध्ये वकिली. १७८९ साली तो तिसऱ्या वर्गाचा, म्हणजे सरदार आणि धर्मगुरू सोडून उरलेल्या जनतेचा, प्रतिनिधी म्हणून निवडून आला. आवाज बारीक, भाषणे लिहून आणलेली. सुरुवातीला वर्तमानपत्रे त्याचे नावही धड छापत नसत. पण गरिबांच्या मताधिकारासाठी, ज्यूंच्या नागरिकत्वासाठी आणि वसाहतींतल्या गुलामगिरीविरुद्ध तो बोलत राहिला. पैशाला हात न लावणारा म्हणून लोक त्याला ओळखू लागले. क्रांतीच्या धामधुमीत अनेकांचे हात ओले होत असताना ही ख्याती मोठे भांडवल ठरली.

संविधान सभेच्या सदस्यांनी पुढच्या विधानसभेत बसू नये, हा ठरावही त्यानेच मांडून मंजूर करून घेतला. त्यामुळे १७९१ च्या शरद ऋतूपासून त्याला सभागृहात जागा नव्हती. उरला तो जॅकोबिन क्लब. पॅरिसच्या एका जुन्या मठात भरणाऱ्या या मंडळाच्या शाखा गावोगाव होत्या, आणि तिथले व्यासपीठ हेच त्याचे बळ. जानेवारी १७९२ मध्ये सगळे युद्धाच्या घोषणा देत असताना याच व्यासपीठावरून त्याने बजावले की शस्त्र घेऊन येणारे धर्मप्रचारक कुणालाच आवडत नाहीत. ऐकले कुणी नाही. एप्रिलमध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध जाहीर झाले. दहशतीची, म्हणजे १७९३-९४ च्या अटका आणि मृत्युदंडांच्या राजवटीची, मुळे शोधायची तर ती या युद्धात सर्वांत खोल गेलेली दिसतात, आणि त्याला विरोध करणाऱ्या मोजक्यांत रोबेस्पिअर होता.

पराभवाच्या बातम्या आल्या तशी फितुरीची भीती वाढली. १० ऑगस्ट १७९२ रोजी जमावाने राजवाड्यावर हल्ला केला आणि राजेशाही कोसळली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पॅरिसच्या तुरुंगांत घुसून लोकांनी हजाराहून अधिक कैदी कापले. राष्ट्रीय परिषदेत, म्हणजे नव्याने निवडलेल्या सभागृहात, रोबेस्पिअर पॅरिसचा प्रतिनिधी म्हणून आला. डिसेंबरमध्ये त्याने सांगितले की पदच्युत राजा लुईवर खटला चालवण्याचे कारणच नाही. देश जगायचा तर लुईने मेले पाहिजे. मृत्युदंडाला विरोध त्याने सोडला नव्हता, राजा हा अपवाद आहे एवढेच तो म्हणत होता. अपवाद एकदा मान्य झाला की त्याचे कुंपण कुठे घालायचे, याचे उत्तर त्याच्याकडे तेव्हा नव्हते आणि नंतरही सापडले नाही.

१७९३ चा वसंत नीट पाहावा. फेब्रुवारीत ३ लाख सैनिक भरतीचा हुकूम निघाला, मार्चमध्ये त्यावरून पश्चिमेकडच्या व्हांदे प्रांतात बंड पेटले. १० मार्चला क्रांतीच्या शत्रूंवर खटले चालवणारे क्रांतिकारी न्यायाधिकरण आले. त्याचा पुरस्कार करताना परिषदेतला एक पुढारी दांताँ म्हणाला, आपणच भयंकर होऊ या, म्हणजे लोकांना व्हावे लागणार नाही. सप्टेंबरचा रक्तपात त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्याच महिन्यात ठरले की हत्यारबंद बंडखोर कायद्याबाहेरचा, त्याची ओळख पटली की चोवीस तासांत मृत्यू. गावोगाव पाळत समित्या झाल्या. ६ एप्रिलला परिषदेच्या वतीने कारभार पाहणारी सार्वजनिक सुरक्षा समिती स्थापन झाली. जूनच्या आरंभी हत्यारबंद जमावाने परिषदेला वेढा घालून मवाळ जिराँदिन गटाचे नेते बाहेर काढायला लावले.

या घेराबंदीला रोबेस्पिअरने उघड चिथावणी दिली होती, पण सुरक्षा समितीत तो आला २७ जुलैला. म्हणजे यंत्र आधीच उभे होते. ते अनेकांनी मिळून, मतदान करून उभारले होते. समितीतही तो बारांपैकी एक. सैन्य आणि रसद इतर सांभाळत. त्याने पुरवले ते समर्थन. ५ फेब्रुवारी १७९४ च्या भाषणात त्याने सद्गुण आणि दहशत यांची सांगड घातली: सद्गुणाविना दहशत घातक, दहशतीविना सद्गुण दुबळा. आदल्याच दिवशी परिषदेने वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली होती. त्याच सभागृहाने, त्याच आठवड्यात. हा भाग वगळून त्या काळाचे चित्र रंगवणारे बरेच आहेत.

सप्टेंबर १७९३ च्या संशयितांच्या कायद्याने बोलणे, ओळखी, नातीगोती हेही अटकेचे कारण झाले होते. नांतमध्ये परिषदेचा प्रतिनिधी कारिए याच्या अमलाखाली कैद्यांना नदीत बुडवले गेले, लिआँमध्ये फूशे आणि कोलो दर्ब्वा यांनी तोफा लावल्या. देशभरात रीतसर मृत्युदंड झाले सुमारे १६,६००, त्यांतले पॅरिसमध्ये २,६०० च्या आसपास. खटल्याविना मेलेले वेगळे. आणि सरदारांची मुंडकी उडाली ही समजूत अर्धवट आहे: शिक्षा झालेल्यांत सुमारे ८५ टक्के सरदारही नव्हते आणि धर्मगुरूही नव्हते.

मार्च १७९४ मध्ये डावीकडचा, म्हणजे अधिक जहाल, हेबेर गेला, ५ एप्रिलला उजवीकडचे, दहशत आवरा म्हणणारे, दांताँ आणि देमुलँ. देमुलँ रोबेस्पिअरचा शाळासोबती. त्याच्या लग्नात रोबेस्पिअर साक्षीदार होता. आठ दिवसांनी देमुलँची बायको ल्युसीलही गिलोटिनवर, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्रावर, गेली.

१० जूनचा कायदा रोबेस्पिअरचा समितीतला सहकारी कूताँ याने मांडला. सदस्यांनी चर्चेला वेळ मागितला, तेव्हा आजच मंजूर करा म्हणून रोबेस्पिअर अडून बसला. त्यानंतरच्या सात आठवड्यांत पॅरिसमध्ये जितकी माणसे मेली, तितकी आधीच्या पंधरा महिन्यांतही मेली नव्हती. यात तर्क कुठला? २६ जूनला फ्लरूसची लढाई जिंकून सीमा सुरक्षित झाली होती. संकटाचे कारण संपत असतानाच यंत्राचा वेग वाढला. पण रोबेस्पिअरला महागात पडले ते वेगळेच. परिषदेच्या संमतीशिवाय सदस्यांना न्यायाधिकरणापुढे नेता येणार नाही, ही ढाल राहते की नाही याची नव्या कायद्यात शाश्वती नव्हती. ११ जूनला परिषदेने ती पुन्हा लिहून घेतली. १२ तारखेला रोबेस्पिअरने ती काढायला लावली. भीती आता सभागृहातल्या बाकांवर येऊन बसली.

नंतर महिनाभराहून अधिक काळ तो परिषदेत फिरकला नाही. २६ जुलैला येऊन त्याने कटवाल्यांवर लांबलचक भाषण केले. नावे सांगा, असे सदस्य ओरडले. त्याने सांगितली नाहीत. मग प्रत्येकाने आपलेच नाव त्यात धरले. दुसऱ्या दिवशी त्याला बोलूच दिले नाही. अटक, पॅरिस नगरपालिकेतल्या त्याच्या समर्थकांकडून सुटका, आणि परिषदेचा ठराव: रोबेस्पिअर कायद्याबाहेरचा. त्यामुळे खटल्याची गरजच उरली नाही. न्यायाधिकरणाने फक्त ओळख पटवली. २८ जुलैला तो २१ साथीदारांसह मारला गेला.

त्याला पाडणाऱ्यांत तालिअँ, बारास, फूशे अशी प्रांतांतून रक्ताळलेल्या हातांनी परतलेली मंडळी होती. सगळा दोष एकावर टाकणे त्यांच्या सोयीचे होते आणि ती सोय पुष्कळ टिकली. जून महिन्याचा कायदा चार दिवसांत रद्द झाला. कारिएला डिसेंबरमध्ये गिलोटिनवर चढवले. न्यायाधिकरणाचा सरकारी वकील फूकिए-तँव्हील याने, आपण कायदा आणि समितीचे हुकूम पाळले, एवढाच बचाव केला. मे १७९५ मध्ये तोही गेला. फूशे मात्र १७९९ साली पोलीसमंत्री झाला आणि नेपोलिअननेही त्याला त्या पदावर ठेवले.