‘नॅरो’ला ‘एन’ लागत नाही
विशेषणाला ‘एन’ (-en) हा प्रत्यय जोडला की इंग्रजी क्रियापद होते, म्हणून ‘टाइट’चे ‘टाइटन’ तसे ‘नॅरो’चे ‘नॅरोअन’, असा समज कोल्हापुरातील शिकवण्यांमधून वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे. हा प्रत्यय मुख्यतः ट, ड, क, प, फ, स, श अशा व्यंजनध्वनींनी संपणाऱ्या एकाक्षरी (एकाच उच्चारखंडाच्या) विशेषणांना लागतो, त्यामुळे ‘शॉर्टन’, ‘वाइडन’, ‘डीपन’ ही रूपे बनतात. स्वरध्वनीने संपणारे ‘नॅरो’ आणि अनुनासिकाने संपणारे ‘स्लिम’ व ‘थिन’ मात्र जसेच्या तसे क्रियापद होतात. मंगळवार पेठेतील एखादी गल्ली पुढे अरुंद होत असेल, तर ‘द लेन नॅरोज’ एवढे वाक्य निर्दोष आणि पुरेसे आहे. स्क्रू, पट्टा, नियम आवळताना ‘टाइटन’ योग्य. रुंदी किंवा फरक घटताना ‘नॅरो’च हवे, आणि हा भेद विद्यार्थ्यांना आग्रहाने शिकवला पाहिजे.