चकचकीत वॉर्ड आणि बुरशी

‘रुग्णालय कोरडं, चकचकीत असेल तर बुरशीचा संसर्ग पसरत नाही,’ असा मजकूर अनेक वर्षं फिरतो आहे. असं वाटणं स्वाभाविक आहे; बुरशी आपल्याला दिसते ती ओलीवरच.

पण २००९ साली प्रथम नोंदलेली, अनेक औषधांना दाद न देणारी ‘कॅन्डिडा ऑरिस’ कोरड्या पृष्ठभागावरही आठवडेच्या आठवडे तग धरते. खाटेचे कठडे, रक्तदाबाचा पट्टा, हात यांवरून ती पसरते. काहींच्या त्वचेवर ती कुठलंही लक्षण न दाखवता राहते, म्हणून काखेतला आणि जांघेतला स्वॅब तपासावा लागतो. नेहमीची काही जंतुनाशकंही तिच्यावर अपुरी पडतात.

पडताळा सोपा आहे: जंतुनाशकाच्या लेबलवर या बुरशीचं नाव आहे का आणि पृष्ठभाग किती मिनिटं ओला ठेवायला सांगितला आहे, ते वाचा. लगेच पुसून टाकलं तर चांगलं द्रावणही वाया जातं.