गायरानापासून गावच्या बागेपर्यंत

स्मशानभूमीभोवतीचं काटेरी रान काढून तिथे फुलझाडं लावलेली दिसतात, शाळेमागच्या उकिरड्याच्या जागी परसबाग होते, ओढ्याकाठच्या गायरानात वड, चिंच, करंज उभे राहतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत गेल्या काही वर्षांत ही कामं झाली, आणि त्यातली बरीचशी गावातल्या पोरांनी, बचतगटाच्या बायकांनी, सुट्टीला आलेल्या नोकरदारांनी स्वतः टिकाव-फावडं हातात घेऊन केली. त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. पण काही बागा दहा वर्षं टिकतात आणि काही पहिल्याच उन्हाळ्यात वाळतात. असं का होतं, याचं उत्तर बरंचसं त्या जागेच्या इतिहासात आहे.

जुन्या गावात जमिनीचे दोन मोठे भाग असत. काळी म्हणजे शेती आणि पांढरी म्हणजे वस्ती. याशिवाय गुरांना चरायला गायरान, देवाच्या नावाने राखलेली देवराई, खळी, गावकुसाबाहेरची मसणवट. ही सगळी जागा सामाईक होती, पण तिला नियम होते. देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही, हा त्यातला सर्वांत कडक. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा आसपासचं जंगल गेलं तरी या लहान तुकड्यांत जुनी झाडं-वेली टिकून असल्याचं दिसलं. अर्थात तेव्हाचे नियम सगळ्यांना सारखे नव्हते. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना पाण्यावर हक्क नव्हता आणि गावाच्या निर्णयात स्थानही नव्हतं. त्यामुळे जुनं गाव म्हणजे आदर्श गाव, असं मी म्हणणार नाही.

इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी झाली. १८३६मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी बसवलेली मोजणी आणि साऱ्याची पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. शेतीच्या तुकड्याला नंबर आणि सारा भरणारा मालक मिळाला. ज्याचा कुणी एक मालक नाही, ते सरकारच्या नावावर गेलं. स्वातंत्र्यानंतरही चौकट फार बदलली नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम २२नुसार जिल्हाधिकारी सरकारी जमीन गुरचरणासाठी, दफनभूमीसाठी किंवा अन्य सार्वजनिक कामासाठी राखून ठेवतात. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८च्या कलम ५१नुसार मोकळ्या, पडीक किंवा चराईच्या जागा शासन पंचायतीकडे सोपवू शकतं. म्हणजे गुरं गावाची, पण सातबाऱ्यावर नाव ‘महाराष्ट्र शासन’. ज्या जागेबद्दल अंतिम निर्णय आपला नाही, तिची राखण कोण करणार? माझ्या मते दुर्लक्षाला खरी सुरुवात इथे झाली.

बाकीचं काम परक्या झाडांनी केलं. गाजरगवत १९५०च्या दशकात पुण्यात नजरेत आलं आणि रस्त्याकडेने, मोकळ्या जागांतून राज्यभर पसरलं. गुरं ते खात नाहीत, हातांना आणि श्वासाला त्याचा त्रास होतो. वेडी बाभूळ तर त्याहून चिवट. वरून तोडली की बुंध्यातून पुन्हा फुटते, त्यामुळे खोडासकट मूळ खणून काढावं लागतं. स्वयंसेवकांचे पहिले काही महिने झाडं लावण्यात जातच नाहीत, ते या खणण्यात जातात. गाजरगवतही फुलावर येण्याआधी उपटावं लागतं, नाहीतर बी पडून पुढच्या पावसात तेवढंच पुन्हा उगवतं.

श्रमदान या भूमीत जुनंच आहे. संत गाडगेबाबा गावात शिरताच आधी हातात खराटा घेत आणि रात्री कीर्तन करत. १९७५मध्ये अण्णा हजारे राळेगणसिद्धीला परतले. तिथे श्रमदानाला कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीची जोड मिळाली. १९९०च्या सुमारास पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली हिवरेबाजारनेही तोच मार्ग धरला. मोकाट चराई थांबली आणि विळ्याने गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. या दोन गावांचं वेगळेपण झाडांच्या संख्येत शोधू नये. गुरं कुठे चरतील, गवत कोणाला मिळेल, हे सगळ्यांनी बसून आधी ठरवलं, त्यात ते आहे.

नंतर सरकारी अभियानांनीही बळ दिलं. २०००-०१मध्ये संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि गावागावांत चढाओढ लागली. २०१०मध्ये पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना आली, तिच्यात लोकसंख्येच्या प्रमाणात झाडं लावून जगवणं हा निकष होता. २०१६मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत पानी फाउंडेशनची वॉटर कप ही श्रमदानातून पाणी अडवण्याची स्पर्धा झाली. शहरात राहणारी मंडळीही सुट्टी घेऊन गावच्या श्रमदानाला येऊ लागली. २०२०मध्ये बीडजवळ पालवणला वृक्षसंमेलन भरलं आणि त्याच वर्षी माझी वसुंधरा हे राज्य शासनाचं पर्यावरण अभियान सुरू झालं. स्पर्धेची एक मर्यादा मात्र दिसते. बक्षीस मिळेपर्यंत पाणी घातलं जातं, मग टँकर बंद होतो.

स्मृतिवनाचा मार्ग मला जास्त टिकाऊ वाटतो. पश्चिम महाराष्ट्रात कित्येक कुटुंबं रक्षा नदीत न सोडता खड्ड्यात टाकून त्यावर झाड लावतात. खड्ड्यात शेणखत, पोयटा आणि मूठभर रक्षा, बाजूला नावाची छोटी पाटी. त्या झाडाला पाणी घालायला घरचं माणूस येतंच, कुणी आठवण करून द्यावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र अनेक उत्साही गटांच्या ध्यानात येत नाही. पडीक दिसणारी जागा रिकामी असतेच असं नाही. गायरानावर मराठवाड्यात आणि इतरत्रही भूमिहीन, बहुतांशी दलित कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कसत आली आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह याच हक्कासाठी होते, आणि राज्य शासनाने १९९१मध्ये ठरावीक मुदतीतली अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय घेतला. दुसऱ्या बाजूला २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश राज्यांना दिले, तेव्हाही भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांसाठी अपवादाची वाट ठेवली. मेंढपाळ आणि शेळ्या राखणाऱ्या बायकांकडे तर कागदही नसतो. बागेच्या नावाखाली कुंपण घातलं की पहिला फटका त्यांनाच बसतो, आणि मग रात्रीतून कुंपण तुटलं की गाव म्हणतं, लोकांना झाडांची किंमत नाही.

म्हणून खणायला जाण्याआधी तलाठ्याकडे सातबारा आणि अतिक्रमणाची नोंदवही पाहावी, जागेचा वापर आज कोण करतं ते त्या माणसांनाच विचारावं, आणि ग्रामसभेचा ठराव त्यांच्या उपस्थितीत घ्यावा. शेळ्यांसाठी वाट आणि कापायला गवताचा पट्टा आराखड्यात सुरुवातीलाच धरावा. ठरावात आणखी एक ओळ असायला हवी: एप्रिल आणि मे महिन्यांत पाणी कोण, कुठून आणि कोणत्या दिवशी घालणार.