व्हिटॅमिनची कमतरता आणि नसांचं आरोग्य

एखादं व्हिटॅमिन खाण्यातून पुरेसं मिळत नाही, किंवा मिळतं पण आतड्यातून रक्तात उतरत नाही, आणि त्यापायी मज्जातंतू नीट काम करेनासे होतात, या अवस्थेला डॉक्टर न्यूट्रिशनल न्यूरोपॅथी म्हणतात. बी१, बी६, बी१२ आणि ई ही यातली मुख्य चार नावं, नायसिन (बी३) आणि फोलेट (बी९, गोळीत ते फोलिक ॲसिड म्हणून असतं) त्यांच्या मागोमाग. मराठीत एक घोळ आहे तो आधीच मिटवलेला बरा. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही नसच म्हणतो, त्यामुळे 'नसा कमजोर झाल्यात' म्हटलं की बऱ्याच जणांना तो रक्ताभिसरणाचा मामला वाटतो. इथे नस म्हणजे मज्जातंतू, म्हणजे बोटांच्या टोकापासून स्पर्श, वेदना मेंदूकडे नेणारा आणि हालचालीचा हुकूम खाली आणणारा धागा.

तक्रार बहुतेक वेळा पायाच्या बोटांपासून सुरू होते आणि त्याला कारण आहे. अंगठ्याला झालेला स्पर्श टिपणाऱ्या पेशीचं मुख्य शरीर कमरेच्या मणक्याजवळ असतं आणि तिचा धागा तिथून थेट अंगठ्यापर्यंत जातो, मोठ्या माणसात जवळपास १ मीटर. या धाग्याला लागणारा सगळा माल त्या एका पेशीतून टोकापर्यंत वाहून न्यावा लागतो, आणि पुरवठा घटला की सगळ्यात लांबचं टोक आधी उपाशी पडतं. मग मुंग्या, झिणझिण्या, तळव्यांची आग, काहींना रात्री चादर पायाला लागली तरी सहन होत नाही, आणि पुढे बधिरपणा. मोजा चढवावा तसा तो घोट्यावरून नडगीवर सरकतो आणि गुडघ्याच्या आसपास पोचेपर्यंत हाताच्या बोटांतही सुरू झालेला असतो. दोन्ही पायांत सारखंच होणं ही खूण महत्त्वाची, एकाच पायात कळ जात असेल तर डॉक्टर आधी दबलेल्या नसेचा विचार करतात.

या सगळ्या प्रकारात वेळेचा हिशोब फार महत्त्वाचा आहे आणि नेमकं त्याचंच कमी बोललं जातं. प्रत्येक व्हिटॅमिनचा शरीरातला साठा वेगळा, त्यामुळे कमतरता मज्जातंतूंपर्यंत पोचायचा वेळही वेगळा. बी१ चा साठा सुमारे ३० मिलिग्रॅम, तो दोन-तीन आठवड्यांत संपू शकतो. बी१२ चा साठा मुख्यतः यकृतात, काही मिलिग्रॅम, आणि रोजची गरज जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे तो काही वर्षं पुरतो. म्हणून बी१ ची कमतरता धाडकन येते आणि बी१२ ची इतक्या हळू येते की नक्की कधी सुरू झालं हे माणसाला सांगताच येत नाही.

बी१ म्हणजे थायमिन. ग्लुकोजपासून ऊर्जा काढायच्या कामात ते लागतं, आणि मेंदू आणि नसा ग्लुकोजवर फार अवलंबून. त्याच्या कमतरतेचा आजार म्हणजे बेरीबेरी. सुक्या बेरीबेरीत पाय बधिर होतात, पोटऱ्या दुखतात, पंजा उचलता येत नाही, ओल्या बेरीबेरीत हृदयावर ताण येऊन अंगावर सूज येते. १९ व्या शतकाच्या शेवटी जपानच्या आरमारात या आजाराने खलाशी मरत होते. ताकाकी कानेहिरो या नौदलाच्या डॉक्टरने १८८४ साली त्सुकुबा नावाच्या जहाजावर पॉलिश तांदळाचं प्रमाण कमी करून मांस, बार्ली, दूध असा आहार दिला, आणि आधीच्या जहाजावर ज्या मार्गावर २५ माणसं दगावली होती त्याच मार्गावर यावेळी बेरीबेरीने कोणी दगावलं नाही. ताकाकीला वाटलं प्रथिनं कमी पडत होती. कारण चुकलं, उपाय मात्र बरोबर निघाला. पुढे १८९० च्या सुमारास डच डॉक्टर क्रिस्टियान आइकमान बटाव्हियात म्हणजे आजच्या जकार्तात काम करत असताना त्याच्या कोंबड्या लुळ्या पडायला लागल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. शोध घेतला तर मधल्या काळात त्यांना हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातला शिजवलेला पॉलिश तांदूळ घातला जात होता आणि नवीन स्वयंपाक्याने तो द्यायचं बंद केलं होतं. तांदळाच्या कोंड्यात नसेला लागणारं काहीतरी आहे हे इथून हळूहळू उलगडत गेलं. आइकमानला १९२९ चं नोबेल मिळालं.

थायमिन आज कुणाला कमी पडतं? वर्षानुवर्षं खूप दारू पिणारे, वजन कमी करायची पोटाची सर्जरी झालेले, गरोदरपणात उलट्या थांबतच नाहीत अशा बायका, आणि बरेच दिवस उपाशी राहिलेले रुग्ण. यांच्यात मेंदूचं काम अचानक बिघडतं त्याला वेर्निके एन्सेफॅलोपॅथी म्हणतात, १८८१ मध्ये कार्ल वेर्निकेने तिचं वर्णन केलं. गोंधळलेपण, तोल जाणं आणि डोळ्यांची हालचाल बिघडणं अशा तीन खुणा पुस्तकात असतात, पण तिन्ही एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात, त्यामुळे 'दारूच्या नशेत आहे' म्हणून माणसाकडे दुर्लक्ष होतं आणि आजार हातचा निसटतो. अशा रुग्णाला नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्च होऊन प्रकृती बिघडू शकते, म्हणून थायमिन आधी किंवा ग्लुकोजसोबतच द्यायचं. तातडीने दिलं तर डोळ्यांची हालचाल काही तासांत सुधारायला लागते, उशीर झाला तर नवीन काही लक्षातच राहत नाही अशी कोर्साकोफची अवस्था कायमची मागे लागू शकते.

आता बी१२, यावर जरा सविस्तर लिहायलाच हवं, कारण ही कमतरता सगळ्यात जास्त दिसते आणि 'अशक्तपणा आहे, होईल बरं' म्हणून सगळ्यात जास्त सोडूनही दिली जाते. नसेभोवती मायेलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण असतं, त्याने संदेश वेगात जातो. ते वेष्टण टिकवायला बी१२ लागतं. ते कमी पडलं की वेष्टण फुगतं, विरतं, आणि हे नुसतं पायाच्या नसांत नाही तर खुद्द मणक्यातल्या मज्जारज्जूत होतं. मज्जारज्जूच्या मागच्या आणि बाजूच्या पट्ट्या एकत्र बिघडतात, त्याला सबअक्यूट कम्बाइन्ड डिजनरेशन असं लांबलचक नाव १९०० साली पडलं. मागच्या पट्ट्या मेंदूला पाय कुठे आहे ते कळवतात. ते कळणं बंद झालं की माणूस डोळ्यांनी बघून चालतो, उजेडात सगळं ठीक आणि अंधारात पाय चाचपडतात, गादीवरून चालल्यासारखं वाटतं, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. बेसिनवर वाकून तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, ही तर अगदी नेमकी खूण, डॉक्टरांनी मुद्दाम विचारावी अशी. काहींना मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं. शर्टाचं बटण लावताना बोटं चुकतात, आणि बी१२ मध्ये हातपाय दोन्ही एकाच वेळी सुरू झालेले बऱ्याचदा सापडतात. विसरभोळेपणा, चिडचिड, उदासी, कधी कधी नजर मंदावणं हेही यातच येतं.

बी१२ निसर्गात फक्त जिवाणू बनवतात आणि आपल्याला ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळतं, त्यामुळे हे काहीच न खाणाऱ्यांना गोळी किंवा मुद्दाम बी१२ घातलेलं अन्न घेणं भागच आहे. पण नीट खाणाऱ्यालाही ते कमी पडू शकतं, कारण त्याचा आत उतरायचा रस्ता मोठा आहे. पोटातल्या ॲसिडने ते अन्नापासून सुटं व्हायला हवं, जठरात तयार होणाऱ्या इन्ट्रिन्सिक फॅक्टर नावाच्या प्रथिनाला चिकटायला हवं आणि मग लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषलं जायला हवं. यातली एक जरी पायरी मोडली तरी संपलं. पर्निशस ॲनिमियात शरीर स्वतःच ते प्रथिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करतं, वयानुसार जठराचं अस्तर झिजतं, आतड्याचा तो भाग सर्जरीत काढलेला असतो, आणि दोन नेहमीची औषधं, मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या, वर्षानुवर्षं घेतली तर पातळी खाली येऊ शकते. मेटफॉर्मिनचं तर विशेष सांगावंसं वाटतं. मधुमेहानेही पायाला मुंग्या येतात, त्यामुळे दोष साखरेला दिला जातो आणि बी१२ कुणी तपासत नाही. शिवाय भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू शरीरातलं बी१२ निकामी करतो, काठावर असलेल्या माणसाला त्यानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत पायाचा त्रास सुरू झालेला आहे. नशेसाठी हा वायू हुंगणाऱ्या तरुण मुलांमध्ये तर पायातली ताकद गेल्याचेही प्रकार होतात.

फोलिक ॲसिडचा सापळाही इथेच येतो. बी१२ कमी असलं की रक्तही कमी होतं, लाल पेशी मोठ्या होतात. अशा वेळी नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, रिपोर्ट छान येतो, आणि आत नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. उलटही खरं, रक्ताचा रिपोर्ट अगदी नॉर्मल असताना नसा बिघडलेल्या असू शकतात, म्हणून हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणजे बी१२ ठीकच आहे असं समजू नये.

बी६ ची गंमत नव्हे, गंभीर गोष्ट अशी की ते कमी झालं तरी नस बिघडते आणि जास्त झालं तरी बिघडते. कमतरतेचं ओळखीचं कारण म्हणजे टीबीचं आयसोनियाझिड हे औषध, ते बी६ ला अडवतं, म्हणून ज्यांना धोका जास्त त्यांना त्यासोबत बी६ ची छोटी गोळी देतात. जास्तीचं प्रकरण १९८३ मध्ये पुढे आलं. दिवसाला २ ते ६ ग्रॅम बी६ घेणाऱ्या सात जणांची नोंद तेव्हा प्रसिद्ध झाली, त्यांचे हातपाय बधिर झाले होते आणि चालताना तोल सावरत नव्हता. रोजची गरज मात्र सव्वा-दीड मिलिग्रॅमच्या आसपास. अमेरिकेत मोठ्यांसाठी वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरतात, युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. म्हणून मुंग्या येतात म्हणून स्वतःच्या मनाने 'नसांची गोळी' आणून महिनोनमहिने घेणं धोक्याचं आहे, त्या गोळीत बी६ किती आहे ते पाकिटामागे वाचावं, आणि दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या चालू असतील तर बेरीज करावी.

व्हिटॅमिन ई चरबीसोबत शोषलं जातं, त्यामुळे केवळ खाण्यातून ते कमी पडणं दुर्मीळ. पित्त आतड्यात उतरत नसेल, स्वादुपिंड काम करत नसेल किंवा ई वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा जीन जन्मतःच बिघडलेला असेल तेव्हा ते होतं. मोठ्या माणसात लक्षणं यायला अनेक वर्षं लागतात, चाल डगमगते, गुडघ्याला हातोडी मारली तरी पाय उडत नाही. जीनचा बिघाड लवकर सापडला तर मोठ्या डोसमध्ये ई देऊन आजार थांबवता येतो.

नायसिनच्या कमतरतेने पेलाग्रा होतो, त्यात त्वचा, पोट आणि मेंदू तिन्ही सापडतात. फोलेटचा सगळ्यात मोठा फटका गर्भाला. बाळाचा मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतो ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते, बऱ्याच बायकांना तोवर दिवस राहिल्याचं कळलेलंही नसतं, म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड आधीपासूनच घ्यायला सांगतात. तांबं हे व्हिटॅमिन नाही पण त्याचं नाव घ्यायलाच हवं, ते कमी झालं की हुबेहूब बी१२ सारखं चित्र दिसतं. फार झिंक घेतल्याने तांबं कमी होतं, आणि कवळी चिकटवायच्या क्रीममधल्या झिंकनेही काही लोकांना हे झालेलं आहे.

प्रत्यक्षात एकच व्हिटॅमिन कमी आहे असं कमी वेळा असतं. क्युबात १९९१ ते १९९३ मध्ये अन्नाची टंचाई पडली तेव्हा ५० हजारांहून जास्त लोकांची नजर किंवा पाय बिघडले, आणि सगळ्या लोकसंख्येला बी गटाच्या गोळ्या वाटल्यावर साथ ओसरली.

तपासणीची सुरुवात साधी असते. डॉक्टर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवतात आणि थरथर थांबली की सांगा म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या बोटाला फोर्क अजून थरथरताना कळतो आणि पेशंट म्हणतो थांबला, तिथेच निम्मं निदान झालं. मग पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगतात. रक्तात बी१२ दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता धरतात. २०० ते ३०० च्या मध्ये असेल तर मिथाइलमेलॉनिक ॲसिड आणि होमोसिस्टीन हे रक्तातले दोन पदार्थ बघतात, बी१२ कमी असलं की ही दोन्ही वाढतात. रक्त मात्र इंजेक्शन घ्यायच्या आधी द्यायचं, नंतर आकडा उगाच भरपूर दिसतो आणि मूळ कारण झाकलं जातं.

उपचारात नसांची लक्षणं असतील तर बी१२ इंजेक्शननेच सुरू करतात, सहसा १००० मायक्रोग्रॅम, आधी दिवसाआड आणि मग अंतर वाढवत. पोटातून शोषण बिघडलेलं असेल तरी मोठ्या डोसमधला साधारण १ टक्का आपसूक आत जातो, त्यामुळे पुढे काहींना गोळीवरही भागतं. कारण कायमचं असेल तर औषधही आयुष्यभर, बरं वाटलं म्हणून बंद केलं की साठा परत उतरतो. रक्त काही आठवड्यांत सुधारतं, नसांना वेळ लागतो. तुटलेला धागा दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो, आणि सुरुवातीला काही जणांच्या मुंग्या उलट वाढतात, तेव्हा घाबरून औषध सोडू नये. जी काय सुधारणा व्हायची ती बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात दिसते. थोड्या महिन्यांच्या त्रासानंतर इंजेक्शन सुरू झालेले बरेच जण पुन्हा नीट चालायला लागतात, पण ज्यांचा मज्जारज्जू वर्षानुवर्षं बिघडत राहिला त्यांच्या पायांतला ताठरपणा आणि बधिरपणा काही अंशी तसाच राहतो.