२.७ टक्के नक्की कशाचे? हाऊस एज आणि खिशाला लागणारी कात्री

२०२२च्या डिसेंबरात आम्ही चौघं लालबागवाले कोकणकन्येने गोव्याला निघालेलो, पनवेल गेलं तरी कोणी झोपायला तयार नाही, आणि बंड्याने (नाव बदललंय, स्वभाव तोच आहे) मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढून जाहीर केलं की कॅसिनोत माणूस बुडतो वगैरे सगळ्या थापा आहेत. त्याने कुठेतरी वाचलेलं की एका शून्याच्या रुलेटला (आकड्यांचं चाक फिरवून खेळतात तो जुगार) हाऊस एज, म्हणजे कॅसिनोचा वाटा, २.७ टक्के. म्हणजे मी दहा हजार घेऊन गेलो तर जाणार किती, २७०! अरे एवढे तर दादरला उतरून चौघांच्या मिसळीला जातात.

आम्ही हसलो खरं, पण मला आत कुठेतरी चुकचुकलं, कारण धंद्याने मी हिशेबनीस, मस्जिद बंदरला एका ट्रान्सपोर्टवाल्याची वह्या बघतो, आणि इतकी वर्षं मी पण हे असंच धरून चाललेलो. आकडा बरोबर आहे, २.७च आहे. घोळ तो कशावर लावायचा यात आहे.

आधी तो येतो कुठून ते बघू. चाकाला ३७ घरं, १ ते ३६ आणि एक शून्य. समजा तुम्ही वेड्यासारखे प्रत्येक घरावर १०० लावले, म्हणजे ३,७०० टेबलावर. एक घर लागणारच, त्याचे पस्तीस पट म्हणजे ३,५०० आणि तुमचे स्वतःचे १०० परत. हातात ३,६००. शंभर रुपये गेले कुठे? शून्याने खाल्ले. ३,७०० मागे १०० म्हणजे २.७ टक्के. लाल-काळ्यावर लावा, नंबरवर लावा, डझनवर म्हणजे बारा नंबरांवर लावा, टक्के तेच. दोन शून्यवालं चाक असेल तर घरं ३८ होतात पण भाव पस्तीस पटच राहतो, मग घाटा थेट ५.२६ टक्के, जवळजवळ दुप्पट. बसायच्या आधी चाकावर शून्य किती आहेत ते मोजा, लाजू नका.

तर हाऊस एज म्हणजे *लावलेल्या* पैशातला वाटा. आणलेल्या पैशातला नाही. बंड्याने दहा हजार आणले म्हणून तो काय दहा हजार एकदाच लावून उठणार होता का? तो पाचशे लावणार, जिंकणार, तेच परत लावणार, हरणार, परत पाचशे... रात्रभर तीच चिप (पैशाच्या जागी वापरायची चकती) इकडून तिकडे फिरणार आणि प्रत्येक फेरीला शून्यवाला आपला २.७चा तुकडा तोडत राहणार. सरासरीने म्हणतोय हां, प्रत्येक वेळी सुट्टे काढून घेत नाही कोणी.

हे ज्यांना तरी डोक्यात बसत नाही त्यांनी गणपतीच्या जागरणातली किंवा दिवाळीतली तीन पत्ती आठवा, पण घरातली नाही, जिथे नाल, म्हणजे अड्डेवाल्याचा वाटा, काढतात तिथली. पाच जण, प्रत्येकाकडे ५००, म्हणजे गोल करून बसलेल्यांच्या खिशात मिळून अडीच हजार. पॉट, म्हणजे एका डावात जमलेले पैसे, साधारण २००चा होतो, त्यातून अड्डेवाला दर डावाला १० रुपये नाल काढतो. पाच टक्के, काय मोठंसं, चहा-सिगरेटचा खर्च आहे बिचाऱ्याचा असं सगळ्यांना वाटतं. साठ डाव झाले की नाल ६०० होतो. अडीच हजारातले ६०० म्हणजे २४ टक्के पैसा त्या खोलीतून गायब, आणि अड्डेवाल्याने एकही पत्ता उचललेला नाही. पहाटे पाचही जण म्हणतात आज माझा बॅडलक होता. अरे सगळ्यांचाच कसा असेल, जिंकलं कोण मग?

नाल पॉटवर पाच टक्के, खोलीवर चोवीस. हाऊस एज आणि खिशाची कात्री यात फरक आहे तो एवढाच, आणि मधे जे काम करतं त्याला आमच्या धंद्यात उलाढाल म्हणतात. ज्याने कधी डे ट्रेडिंग केलंय त्याला हे पटकन कळेल, ब्रोकरेज सौद्यावर लागतं, भांडवलावर नाही, लाखाच्या भांडवलावर दिवसातून दहा वेळा खरेदी-विक्री केली की चार्जेसची रक्कम बघून घाम फुटतो.

कॅसिनोवाले स्वतः मात्र हा घोळ कधी करत नाहीत. त्यांच्याकडे दोन वेगळे शब्दच आहेत. टेबलावर रोख देऊन जेवढ्याचे चिप्स घेतले गेले तो ड्रॉप, आणि त्यातलं शेवटी टेबलाकडे किती राहिलं ते टक्के म्हणजे होल्ड. अमेरिकेत नेवाडात सरकारच हे आकडे छापतं, तिथे रुलेटचा होल्ड साधारण १५ ते २० टक्क्यांच्या पट्ट्यात असतो, आणि तिकडची बरीच चाकं दोन शून्यवाली, म्हणजे एज ५.२६. गिऱ्हाईक एज वाचून येतं, मालक होल्ड बघून झोपतो.

आता बंड्याचा हिशेब नीट करू, मी तो तेव्हा ट्रेनमध्येच वेफरच्या पाकिटावर केलेला. टेबलावर बऱ्यापैकी गर्दी असली की तासाला चाळीसेक वेळा चाक फिरतं. चार तास बसणार, १६० डाव. दर डावाला ५००, म्हणजे उलाढाल ८० हजार. खिशात दहाच आहेत पण टेबलावरून जाणार ऐंशी! त्याचे २.७ टक्के म्हणजे साधारण २,१६०. तर सरासरीने खिशाला साडेएकवीस टक्क्यांची कात्री. दोन शून्यवालं चाक असतं तर ४,२१०, म्हणजे बेचाळीस टक्के. तेच पाचशेच्या जागी २०० लावले तर उलाढाल ३२ हजार आणि अपेक्षित घाटा ८६५. चाक तेच, शून्य तेच, रात्रही तेवढीच लांब.

म्हणून बजेट ठरवताना "दहा हजार नेतो" एवढं म्हणून काहीच ठरत नाही. डावाची रक्कम, तासाला डाव किती, बसणार किती तास, यांचा गुणाकार करा आणि त्यावर एज लावा, जो आकडा येतो तो तुमच्या करमणुकीचा खर्च, नाटकाच्या तिकिटासारखा. तो परवडत नसेल तर डाव लहान करा नाहीतर उठा. बंड्याचं यावर म्हणणं होतं की मी नशीबवान आहे. बरं.

वेगाचं तर लोक धरतच नाहीत. स्लॉट मशीन घ्या, त्यावर किंवा माहितीत आरटीपी (खेळणाऱ्याला परत मिळणारा वाटा) ९६ टक्के असं लिहिलेलं असतं आणि लोक वाचतात की हजार टाकले तर ९६० घेऊन घरी. नाही हो. ते ९६ एका फेरीचे. हजार एकदा पूर्ण फिरवले की सरासरी ९६० उरतात, ते ९६० परत फिरवले की ९२२, असे दहा वेळा फिरवले की ६६५ आणि वीस वेळा फिरवले की ४४२. आणि वीस वेळा फिरवायला वेळ लागत नाही, कारण बटण दाबायला सहा सेकंद पुरतात. तासाला ६०० स्पिन, प्रत्येकी २० रुपये, उलाढाल १२ हजार, चार टक्के म्हणजे ४८० रुपये तासाला. आणि बंड्याचं पाचशेवालं रुलेट? तासाला २० हजार उलाढाल, ५४०. स्लॉटवरची वीस रुपयेवाली मावशी आणि पाचशेवाला बंड्या जवळपास सारखंच भाडं भरतायत, फक्त मावशींना वाटतंय मी चिल्लर खेळतेय. (ऑनलाइनवाल्यांचं वेगळं काय सांगू, २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैशाच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदाच केला, त्याआधी लोकलमध्ये उभ्याउभ्या अंगठ्याने हाच हिशेब चालायचा.)

आता कोणी म्हणेल, माझा चुलत भाऊ गेला आणि बारा हजार जिंकून आला, मग तुझी सरासरी कुठे गेली? सरासरी कुठे जात नाही, ती फक्त एका माणसाला भेटत नाही. पाचशे-पाचशे लाल-काळ्यावर १६० डाव खेळले तर सरासरी घाटा २,१६०, पण त्याच्या वरखाली सहा-सहा हजारांचा झोका सहज असतो. म्हणून साधारण तिघांतला एक जण चार तासांनी जिंकलेला उठतो, आणि तोच ऑफिसात गोष्ट सांगतो. उलट बाजूला पाचातला जवळपास एक जण चार तास टिकतच नाही, दहाचे दहा आधीच साफ. हे दोघे पण त्याच २.७ मधले.

आणि इथे अजून एक गंमत आहे. एज सारखं असलं म्हणून खिसा सारखा टिकतो असं नाही. आमच्यातला चौथा, त्याला सात नंबरचं वेड, गाडीचा नंबर सात, मुलीचा वाढदिवस सातला. त्याने लाल-काळं बघितलंच नाही, दर डावाला पाचशे सातवर. दहा हजारात असे वीस डाव होतात. वीस डावांत सात एकदाही न लागण्याची शक्यता ५८ टक्के आहे, आणि वीस डाव म्हणजे अर्धा तास. त्याचा अर्धा तास झाला, सात आला नाही, मग उरलेली रात्र तो कॅसिनोच्या बोटीवर वर डेकवर मांडवी नदीचा वारा खात आणि फुकटचं पनीर टिक्का खात बसला. लागला असता तर साडेसतरा हजार मिळून हिरो झाला असता. हाऊस एज दोघांचं एकच, पण बंड्याचा खिसा हळूहळू झिरपणारा आणि याचा एकदम फाटणारा.

हरलं की पुढचा डाव डबल-डबल करत जायची आयडिया पण ट्रेनमध्ये निघालीच. ५००, १,०००, २,०००, ४,०००, चार वेळा हरलात की ७,५०० गेले, पुढचा डाव आठ हजारचा आणि खिशात अडीच. ओळीने चार हरणं शंभरात सातदा होतं. एज एक दशांशानेही बदलत नाही, उलाढाल मात्र फुगते, म्हणजे कात्री मोठी.

मटक्याचं विचाराल तर तिथे हिशेब आणखी उघड आहे, कल्याणजी भगतचा वरळी मटका १९६२चा आणि रतन खत्रीचा न्यू वरळी १९६४चा, तेव्हापासून गिरणगावातल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असलेला भाव म्हणजे एकेरी आकड्याला रुपयाला नऊ. चान्स दहात एक, भाव नऊ, म्हणजे एज सरळ दहा टक्के. रुलेटच्या जवळजवळ चौपट! पण ओपन आणि क्लोज हे दोन निकाल मिळून दिवसाला फिरणार किती? दोनदा. माझ्या आजोबांनी आयुष्यभर रोज आठ आणे लावले आणि दहा टक्के भरूनही त्यांचं नुकसान बंड्याच्या एका रात्रीइतकं झालं नसेल, निदान नुसत्या रुपयांच्या आकड्यात तरी. बेकायदेशीर होतंच, आजीच्या शिव्या वेगळ्या.

आता ज्यांना आज जायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट उलटी झालीय. आमच्या वेळेला नव्हतं, पण ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी चिप्स विकत घेतानाच्या पूर्ण रकमेवर लागायला लागला, आधी २८ टक्के, आणि २०२५च्या सप्टेंबरपासून ४०. हा मात्र उलाढालीवर नाही, जिंकलेले चिप्स परत लावले तर परत लागत नाही, हा थेट खिशावर, आत शिरताना, एकदाच. कर वरून लावला तर दहा हजारात हातात साधारण ७,१४०चे चिप्स येतात, एकही चाक फिरायच्या आधी २,८६० खलास. म्हणजे बंड्याच्या चार तासांच्या अपेक्षित घाट्यापेक्षा जास्त. काउंटरवर स्पष्ट विचारा की एवढे दिले तर चिप्स किती मिळणार, पॅकेजमधले चिप्स वन टाइम प्ले (एकदाच लावता येणारे) आहेत का रोख होणारे, ते पण विचारा. जिंकलात तर त्यावर ३० टक्के इन्कम टॅक्स, आणि हरलेले त्यातून वजा करता येत नाहीत.

बंड्याचं काय झालं ते राहिलंच. तो खरंच चार तास बसला, पाचशेच्या वर गेला नाही, एवढी शिस्त त्याने दाखवली याचं मला अजून आश्चर्य वाटतं. सकाळी करमळी स्टेशनला बाकड्यावर त्याने पाकीट उघडून मोजले, सहा हजार. माझ्याकडे वेफरचं पाकीट अजून होतं, चुरगळलेलं.

"चार गेले," तो म्हणाला. "तुझ्या हिशेबाने किती टक्के?"

"डावाचे पाच. खिशाचे चाळीस."

त्याने वेफरचं पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "मग मी वाचलेलं ते २.७ कुणाचं होतं?"