मुंबई मॅरेथॉन आणि कोल्हापूर परिसर

मुंबई मॅरेथॉन : जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईत भरणारी ४२.१९५ किलोमीटरांची वार्षिक रस्ता-शर्यत. पहिली शर्यत १५ फेब्रुवारी २००४ रोजी झाली. २००५ पासून ती जानेवारीत घेतली जाते. कोविडच्या साथीमुळे २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षे रिकामी गेली. प्रारंभी ती स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या नावाने ओळखली जाई, २०१८ पासून तिला टाटांचे नाव लागले. मुख्य शर्यतीबरोबर अर्धमॅरेथॉन, दहा किलोमीटर, ज्येष्ठ नागरिकांची व दिव्यांगांची धाव आणि सुमारे सहा किलोमीटरांची ‘ड्रीम रन’ असते.

मराठीत मॅरेथॉन हा शब्द बहुधा स्त्रीलिंगी चालतो. ‘शर्यत’ हे विशेष्य त्यात गृहीत असते. कोल्हापूर भागात तो फार सैल वापरला जातो. २६ जानेवारीला शाळेच्या पोरांची तीन किलोमीटरांची धाव असली तरी फलकावर ‘भव्य मॅरेथॉन’ असेच लिहितात. प्रस्तुत नोंदीत हा शब्द फक्त पूर्ण अंतराच्या शर्यतीसाठी योजला आहे.

नावाच्या उगमाची कथा सर्वांना ठाऊक आहे. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सने इराण्यांचा पराभव केला, एक जासूद ती वार्ता घेऊन अथेन्सपर्यंत धावला आणि ‘आपण जिंकलो’ एवढे बोलून कोसळला. लढाईनंतर अर्ध्या शतकाच्या आसपास लिहिणाऱ्या ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसने मात्र ही धाव नोंदवलेली नाही. त्याचा फिडिपिडीझ (काही हस्तलिखितांत फिलिपिडीझ) लढाईच्या आधी, मदत मागण्यासाठी, अथेन्सहून स्पार्टाला गेला. ते अंतर सुमारे २४० किलोमीटर भरते. विजयवार्ता आणणाऱ्या जासुदाची गोष्ट प्लूटार्ककडे येते, म्हणजे लढाईनंतर पाचशेहून अधिक वर्षांनी, आणि तिथे नावे थर्सिपस किंवा युक्लीस अशी आहेत. दुसऱ्या शतकातल्या ल्युशनने त्या जासुदाला फिलिपिडीझ म्हटले आणि दोन धावा एकाच माणसाच्या खात्यावर जमा झाल्या. एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रजी कवितेने ही सरमिसळ जगभर नेली. त्यामुळे स्पार्टाची धाव ऐतिहासिक असण्याचा संभव अधिक आणि मरणाची धाव ही उत्तरकालीन भर, हे मत जास्त सयुक्तिक वाटते. कोल्हापुरात या कथेशेजारी जुलै १६६० मधल्या पन्हाळा–विशाळगड वाटचालीचे उदाहरण हमखास दिले जाते. भर पावसात, रात्रीच्या अंधारात, साठ किलोमीटरांहून अधिक वाट खांद्यावर पालखी घेऊन तोडणाऱ्या त्या माणसांपुढे मान आपोआप झुकते. तरीही ती शर्यत नव्हती, शत्रूच्या वेढ्यातून निसटणे होते, आणि तिचा विचार तिच्याच संदर्भात व्हायला हवा.

शर्यत म्हणून मॅरेथॉन १८९६ मध्ये अथेन्स ऑलिंपिकमध्ये आली. कल्पना फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांची. अंतर सुमारे ४० किलोमीटर होते आणि ग्रीसचा स्पिरिडॉन लुईस २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत पहिला आला. पुढची पंचवीस वर्षे अंतर ठरलेले नव्हते. १९०८ साली लंडनला विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांपर्यंत २६ मैल ३८५ यार्ड धावले गेले, तेच आजचे ४२.१९५ किलोमीटर. राजघराण्यातल्या मुलांना आरंभ दिसावा म्हणून अंतर वाढवले, ही आख्यायिका लोकप्रिय आहे. मैदानातल्या प्रवेशाची सोय व मार्गाची आखणी हे कारण अधिक पटण्याजोगे आहे. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने हे अंतर १९२१ मध्ये पक्के केले.

या सनावळीचा दक्षिण महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. अंतर पक्के होण्याच्या एकच वर्ष आधी, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये, बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने गेलेल्या त्या छोट्या भारतीय संघात धावपटू होते आणि दोन मल्लही होते. चौगुले १९ वे आले, वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. दुसरे भारतीय धावपटू सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुल्यांची वेळ आजच्या तक्त्यात जशीच्या तशी बसवणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे, कारण अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरांचा होता. हिशेब केला तर ते किलोमीटरला चार मिनिटांच्या आतबाहेर पळाले. त्याच गतीने आजचे अंतर २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंदांच्या सुमारास संपते. शंभर वर्षांनंतर कार्बनच्या पट्टीचे बूट घालून पळणाऱ्या हौशी धावपटूंपैकी फारच थोडे या वेळेच्या आत येतात. या भागातील मॅरेथॉनचा इतिहास २००४ पासून न मोजता १९२० पासून मोजावा, असे म्हणण्याला हा भक्कम आधार आहे.

मुंबईच्या आधीही राज्यात मॅरेथॉन होत्या. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, आणि खुद्द मुंबईतही १९८० च्या दशकात अशा शर्यती झाल्या होत्या. २००४ च्या शर्यतीला ‘पहिली’ म्हणायचे ते सध्याच्या मालिकेपुरतेच.

मार्ग वेळोवेळी बदलला आहे. दीर्घकाळ वापरात असलेला मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघून मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी, सागरी सेतू, वांद्रे, माहीम असा वळसा घेऊन परततो. पेडर रोडचा चढ एरवी काहीच नाही. पन्हाळ्याची वाट तुडवलेल्याला तर तो चढ वाटणारही नाही. पण परतीला तो पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे येतो. तोवर स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेच्या इंधनाचा, साठा तळाला गेलेला असतो, पोटऱ्यांत गोळे येऊ लागतात आणि एक-एक पाऊल मोजावे लागते.

घाटावरून जाणाऱ्याला चढाहून दमट हवेचा त्रास अधिक होतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, जानेवारीत पहाटेचा पारा पंधरा अंशांच्या आसपास असतो आणि हवा कोरडी असते. शरीर थंड होते ते घाम गळून नव्हे, तर घाम सुकून; एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. शरीर तापत जाते, हृदयाचे ठोके त्याच वेगाला वाढतात, आणि घामातून मीठही जाते. म्हणून रंकाळ्यावर सहज जमणारा वेग मरीन ड्राइव्हवर धरू नये, पहिले दहा किलोमीटर हात राखून पळावे, असे जुने धावपटू नवख्यांना बजावतात. नुसते पाणी पीत राहण्यापेक्षा त्यासोबत मीठ-साखर घेणे हिताचे.

सरावाचे महिने ऑक्टोबर ते जानेवारी, आणि नेमका तोच उसाचा गाळप हंगाम. तांबडे फुटायच्या आत पन्हाळा किंवा गगनबावडा रस्त्याला लागलेल्या धावपटूला समोरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या भेटतात. ट्रॉलीबाहेर आलेली उसाची वाढी खांद्याला घासून जातात, धुक्यात मागचा दिवा दिसत नाही, म्हणून समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने, साइडपट्टी धरून पळण्याची शिस्त इथे पाळावीच लागते. गुऱ्हाळाजवळून जाताना काहिलीचा गोड वास येतो. लांब पल्ल्याचा सराव नसेल त्या दिवशी रंकाळ्याचा काठ किंवा शिवाजी विद्यापीठाचा ८५३ एकरांचा परिसर सोयीचा. तिथेच सैन्य आणि पोलीस भरतीची पोरे १६०० मीटर मारत असतात. त्यांतली काही पुढे लष्करात जाऊन लांब पल्ल्याकडे वळतात.

मुंबईला जाण्यासाठी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची, कारण ती जिथे उतरवते त्या टर्मिनससमोरच शर्यत सुरू होते. मात्र छातीवर लावायचा क्रमांक शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, तो आधीच्या दिवसांत जाऊन घ्यावा लागतो. त्यामुळे गाडी उशिरात उशिरा शुक्रवारी रात्रीची धरावी लागते.

स्पर्धेतला सर्वांत जलद पुरुष धावपटू इथिओपियाचा हेले लेमी (२०२३, २ तास ७ मिनिटे ३२ सेकंद). भारतीयांत नितेंद्रसिंह रावत यांनी २०१६ मध्ये २ तास १५ मिनिटे ४८ सेकंदांची, तर सुधा सिंग यांनी २०१९ मध्ये २ तास ३४ मिनिटे ५६ सेकंदांची वेळ दिली. या परिसराला जवळचे नाव ललिता बाबर यांचे. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यात, मोही गावी त्या वाढल्या. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे भारतीय महिलांत त्या मुंबईत पहिल्या आल्या, नंतर ३००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहाव्या आल्या.